द्रव्याची बहुता आणि द्रव्याची संपत्

चिकित्सेच्या चार पादांत वैद्याच्या खालोखाल द्रव्याचे स्थान आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. ते विपुल असावे, ज्या व्याधीत योजावयाचे तेथे योग्य असावे, त्यापासून अनेकविध कल्पना करता याव्यात आणि ते संपत्-युक्त, म्हणजे रसवीर्यादींनी परिपूर्ण असावे. यांतील पहिला गुण बहुता व चौथा गुण संपत्. या दोहोंची गल्लत होण्याचा प्रसंग आता आपल्या दाराशी येऊ पाहत आहे. काचेच्या बाटलीत वाढविलेल्या कोंबांना वनस्पतींची संप्रेरके देऊन त्यांतील औषधी घटकांचे प्रमाण वाढविण्याचे तंत्र प्रयोगशाळांत चांगलेच स्थिरावले आहे. अशा कोंबांच्या चूर्णाचा नमुना उद्या एखादा पुरवठादार आपल्या फार्मसीच्या खरेदी विभागात घेऊन आला, तर आपले उत्तर काय असावे, याचा विचार आजच करणे इष्ट होय. प्रस्तुत लेखात आम्ही ब्राह्मीचे उदाहरण घेऊन आमची भूमिका मांडीत आहोत.

प्रारंभीच एक स्पष्ट करावयास हवे. आधुनिक तंत्राला केवळ ते आधुनिक आहे म्हणून नाकारणे आम्हांस मान्य नाही. आपल्या पूर्वसूरींनी रसौषधींचा स्वीकार केला, अहिफेनासारखी द्रव्येही पारखून घेतली. पारखून घेणे ही आपली परंपरा आहे. परंतु पारखावयाचे तर वस्तू नीट समजून घेतली पाहिजे.

तंत्राचे स्वरूप

सन १९५७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातील भेंडावर प्रयोग करून एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. ऑक्झिन व सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर उतीचे भवितव्य ठरते, असा तो सिद्धांत. ऑक्झिन अधिक असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब फुटतात, आणि दोहोंचा समतोल राहिला तर पेशींचा नुसता गोळा वाढत राहतो. पुढे १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी क्षार, जीवनसत्त्वे व साखर यांचे जे पोषक माध्यम सिद्ध केले, ते आजही जगभरच्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यात सामान्यतः एका लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. ब्राह्मीच्या पेराचा निर्जंतुक केलेला लहानसा तुकडा अशा माध्यमावर ठेवून त्यात बेन्झिल ॲडेनाइनसारखे सायटोकायनिन अत्यल्प मात्रेत घातले की, काही आठवड्यांत त्या एका पेराला कोंबांचा दाट झुबका येतो. त्या झुबक्याचे तुकडे करून ते पुन्हा नव्या बाटल्यांत लावता येतात. हा झाला पहिला टप्पा, म्हणजे संख्या वाढविण्याचा.

दुसरा टप्पा घटक वाढविण्याचा. येथे मुख्यतः मिथाइल जास्मोनेट व सॅलिसिलिक आम्ल यांचा उपयोग होतो. मिथाइल जास्मोनेट हे द्रव्य जाईच्या सुगंधी तेलातून १९६२ साली प्रथम वेगळे करण्यात आले. अळीने पान कुरतडले की वनस्पतीच्या शरीरात जास्मोनेटची निर्मिती होते आणि तो संकेत मिळताच वनस्पती आपल्या रक्षणासाठी कटू, तिक्त वा विषारी द्रव्ये निर्माण करू लागते. सॅलिसिलिक आम्लाचे कार्य मुख्यतः रोगजंतूंच्या आक्रमणाच्या वेळी दिसते. बाटलीत अळी नसते आणि रोगजंतूही नसतात. तरीही माध्यमात हे संप्रेरक मिसळले की कोंबांना आक्रमण झाल्याचा भास होतो व ते संरक्षक द्रव्ये निर्माण करू लागतात. ब्राह्मीच्या कोंबांवर ५० मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेटचा प्रयोग केला असता, सुमारे आठवडाभरात बॅकोसाइड-ए या घटकाचे प्रमाण दुपटीच्या जवळपास गेल्याचे प्रसिद्ध झाले आहे.

मात्र या दोन टप्प्यांचा स्वभाव परस्परविरोधी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. वनस्पती संरक्षणात गुंतली की तिची वाढ मंदावते. म्हणून आधी वाढ करून घ्यावयाची आणि मग शेवटच्या काही दिवसांत जास्मोनेट द्यावयाचे, असा क्रम ठेवावा लागतो. वाढीची संप्रेरके तर कित्येकदा घटकांची निर्मितीच दाबून टाकतात. जपानमध्ये शिकोनिन या लाल रंजकद्रव्याच्या निर्मितीच्या वेळी २,४-डी या कृत्रिम ऑक्झिनने पेशी वाढविता येतात परंतु रंग उतरत नाही, असे दिसून आले होते. तात्पर्य, संप्रेरक हे द्रव्याला सरसकट 'पुष्ट' करणारे खत नव्हे. ते वनस्पतीच्या शरीरातील काही मार्ग उघडते व काही बंद करते. कोणता मार्ग उघडावा हे बाटलीबाहेरचा मनुष्य ठरवितो, आणि ज्या घटकाला बाजारात भाव आहे तोच मार्ग तो उघडणार, हेही ओघानेच आले.

एक घटक म्हणजे द्रव्य नव्हे

या तंत्राचे यश नाकारण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात जपानमधील मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने शिकोनिनचे उत्पादन पेशीसंवर्धनाने करून दाखविले. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध मिळविण्यासाठी एके काळी यू वृक्षांची साल सोलली जात असे. १९९६ साली जपानी संशोधकांनी या वृक्षाच्या पेशीसंवर्धनात मिथाइल जास्मोनेट घालून पॅक्लिटॅक्सेलचे प्रमाण पुष्कळ वाढविता येते, हे सिद्ध केले. पुढे वनस्पतिपेशींच्या संवर्धनातून हे औषध तयार करण्याच्या पद्धतीबद्दल ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस २००४ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वृक्ष वाचले, औषध मिळाले, हे अभिनंदनीयच आहे.

परंतु या दोन्ही उदाहरणांत हवा होता तो एकच रेणू. तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढला की पेशी कोठे वाढल्या, कशावर वाढल्या हा प्रश्न उरत नाही. आपले तसे नाही. आपण ब्राह्मीतून बॅकोसाइड काढून रुग्णास देत नाही, आपण ब्राह्मी देतो. चरकाने अपस्मार चिकित्सेत सांगितलेले ब्राह्मी घृत ब्राह्मीच्या स्वरसाने सिद्ध होते. आयुर्वेदिक फार्माकोपियानेही ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी या वनस्पतीचे वाळविलेले पंचांग अशीच व्याख्या केली आहे. बाटलीतील झुबक्याला बहुधा मूळ नसते, फूल नसते, फळ नसते. त्याला पंचांग म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होईल.

ज्या बॅकोसाइड-एच्या नावाने हे सर्व चालते, त्याचा इतिहासही बोधप्रद आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात हा घटक वेगळा करण्यात आला. कित्येक वर्षे तो एकच पदार्थ मानला गेला. पुढे सूक्ष्म विश्लेषणातून असे निष्पन्न झाले की, तो एक पदार्थ नसून चार सॅपोनिनांचे मिश्रण आहे. म्हणजे ज्याला आपण 'एक मार्कर' समजत होतो, त्याच्याच पोटात चार द्रव्ये निघाली. संप्रेरक दिल्यावर या चारांचे परस्पर प्रमाण निसर्गातल्यासारखेच राहील, अशी खात्री बेरजेच्या एका आकड्यावरून देता येत नाही. त्याशिवाय ब्राह्मीत इतर सॅपोनिने आहेत, फ्लॅव्होनॉइड आहेत, आणि ज्यांची मोजदाद कोणी करीत नाही असेही पुष्कळ काही आहे. यांपैकी जे मोजले जात नाही, ते वाढले की घटले याचा उल्लेख पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर कधीही असणार नाही.

आपल्या शास्त्राने द्रव्याची संपत् एका घटकावर मोजली नाही. भूमी, ऋतू, वय व अंग यांवरून ती पारखली. चरकाच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण देशांचा विचार येतो, आणि शाखा-पाने, मुळे, त्वचा-कंद-क्षीर व सार यांच्या संग्रहाचे ऋतू निरनिराळे सांगितले आहेत. सुश्रुताने भूमीच्या परीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय योजला. शार्ङ्गधराने सर्व कार्यांसाठी सरस औषधी शरदात घ्यावी व वमन-विरेचनासाठी वसंताच्या अखेरीस घ्यावी, असा निर्देश केला. बाटलीत भूमी नाही, तिच्या जागी आगर आहे. ऋतू नाही, पंचवीस अंशांच्या आसपास स्थिर ठेवलेले तापमान आहे. सूर्य नाही, दिवे आहेत. वनस्पती स्वतः अन्न तयार करण्याऐवजी मुख्यतः माध्यमातील साखरेवर पोसली जाते. संप्रेरकाची मात्रा अधिक झाली तर काचेसारखे पारदर्शक, पाणचट कोंब येतात, ही अडचण ऊतीसंवर्धन करणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. अशा कोंबांत बॅकोसाइडचा आकडा कितीही मोठा आला, तरी रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव या दृष्टीने ती ब्राह्मीच आहे असे गृहीत धरण्यास आधार नाही. ते सिद्ध करावे लागेल, आणि सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर राहील.

अश्वगंधेचा धडा

ही भीती काल्पनिक आहे असे कोणास वाटल्यास त्यांनी अश्वगंधेकडे पाहावे. शास्त्रात अश्वगंधेचे प्रयोज्य अंग प्रामुख्याने मूळ. परंतु व्यापारात 'विथॅनोलाइड इतके टक्के' अशी मागणी सुरू झाली आणि पानांत विथाफेरिन-एचे प्रमाण मुळापेक्षा पुष्कळ अधिक असते, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या लक्षात आली. मूळ महाग, पान स्वस्त आणि आकडा मात्र पानाचा मोठा. परिणामी मुळाच्या नावाखाली पाने मिसळली जाऊ लागली. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाला, उत्पादकांनी अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळावा, असे सूचनापत्र काढावे लागले.

या प्रकरणात प्रयोगशाळेने खोटे सांगितले नव्हते. टक्केवारी खरीच होती. चूक होती ती प्रश्नात. आपण पुरवठादाराला 'हे मूळ आहे काय' असे न विचारता 'टक्के किती' असे विचारले. अश्वगंधेच्या कोंबांचे संवर्धन करून त्यांत बेन्झिल ॲडेनाइनच्या साहाय्याने विथॅनोलाइडे मिळविण्याचे प्रयोगही प्रसिद्ध झालेले आहेत. मुळाऐवजी पान, आणि पानाऐवजी बाटलीतील कोंब, ही उतरण एकाच दिशेची आहे. जोवर आपण टक्क्यांवर खरेदी करीत राहू, तोवर टक्के निर्माण करणारे तंत्र आपल्याला टक्केच पुरवील.

दुसरी बाजू

या तंत्राच्या बाजूने तीन आक्षेप आमच्यावर घेतले जातील. तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप शुद्धतेचा. ब्राह्मी पाणथळ जागी, ओढ्याकाठी व कित्येकदा सांडपाण्याच्या प्रवाहातही वाढते. ती पाण्यातील कॅडमियम, शिसे यांसारख्या जड धातूंचे शोषण करते, हे सिद्ध झालेले आहे. फार्माकोपियाने शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा मर्यादा घालून दिल्या आहेत, आणि गटाराकाठची ब्राह्मी या मर्यादा ओलांडू शकते. बाटलीतील कोंब या दृष्टीने निर्दोष ठरतील, हे आम्ही मान्य करतो. परंतु गटाराकाठच्या ब्राह्मीला पर्याय म्हणून बाटलीच का निवडावी? स्वच्छ पाण्यावर केलेली लागवडही आहे. ब्राह्मीचा तुकडा ओल्या मातीत खोवला की तो मूळ धरतो, इतकी ती सुलभ वनस्पती आहे. चूर्णासाठी तिला बाटलीत वाढविणे खर्चाच्या हिशेबातही बसणे कठीण. ते बसेल केवळ टक्केवारीला जादा भाव मिळाला तरच, आणि तो भाव देणारे आपणच असू.

दुसरा आक्षेप असा की, निसर्गातही वनस्पती कीड, दुष्काळ व ऊन सोसूनच वीर्यवान होते, मग जास्मोनेटने वेगळे काय केले? हा युक्तिवाद मार्मिक आहे. परंतु रानातील वनस्पती अनेक ताण अनेक महिने सोसते व त्या प्रत्येकाला आपल्या परीने उत्तर देते. बाटलीत एकच संकेत, एकाच मात्रेत, काही दिवस दिला जातो. दोहोंचे फळ एकच असेल असे म्हणण्यापूर्वी दोन्हींचे संपूर्ण रासायनिक चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखविले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, संप्रेरकाच्या नावाने आम्ही विनाकारण भय निर्माण करीत आहोत. तसा आमचा हेतू नाही. ऑक्झिन, सायटोकायनिन व जास्मोनेट ही प्रत्येक हिरव्या पानात स्वभावतः असतातच. मात्र बाहेरून घातलेल्या द्रव्याचा, विशेषतः तणनाशक म्हणूनही वापरल्या जाणाऱ्या २,४-डीसारख्या कृत्रिम संप्रेरकाचा, अवशेष शिल्लक राहिला आहे की नाही हे विचारण्याचा हक्क औषध घेणाऱ्यास आहे.

जेथे या तंत्राचे स्वागत केले पाहिजे

आता बहुतेविषयी. याच संप्रेरकांचा एक उपयोग असा आहे की, ज्याला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. बाटलीत फुटवे काढावेत, त्यांना मुळे फोडावीत, रोपवाटिकेत सावलीत हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी आणि नंतर ती रोपे भूमीत लावावीत. असे रोप पुढे स्वतःच्या मुळांवर, आपल्या मातीत, ऊनपाऊस सोसून वाढते. संग्रहाच्या वेळी ते शास्त्राच्या सर्व कसोट्यांना उतरू शकते, कारण संप्रेरकाचा संबंध केवळ त्याच्या बालपणाशी आला.

आपल्या सह्याद्रीतील नरक्याचे उदाहरण घ्या. १९६६ साली चिनी वृक्षात सापडलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य नरक्यातही आहे, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि पुढे या झाडावर कुऱ्हाड चालू लागली. जटामांसी व गुग्गुळ या आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्यांची गणनाही जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात झाली आहे. जी वनस्पती रानातून नाहीशी होत आहे, तिच्या संपत्-विषयी चर्चा करण्याआधी ती उरली पाहिजे. अशा वनस्पतींच्या बाबतीत ऊतीसंवर्धनाने रोपे मिळत असतील, तर त्यांचा अंगीकार करावा. मात्र सर्व रोपे एकाच मातृवनस्पतीची नसावीत, निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक मातृवनस्पतींपासून ती केलेली असावीत. तसेच संप्रेरकाच्या अधिक मात्रेने रोपांत अनपेक्षित भेद उद्भवतात, म्हणून पहिल्या पिकाची परीक्षा करूनच पुढील लागवड करावी.

आमच्या सूचना

औषधीनिर्मात्या बंधूंना आमची पहिली सूचना अशी की, काष्ठौषधीच्या खरेदीपत्रात टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : वनस्पती कोठे वाढली, कोणते अंग आहे, आणि कोणत्या ऋतूत काढली. ज्या मालाला भूमी व ऋतू नाही, त्याच्या विक्रेत्याला या तीन ओळी प्रामाणिकपणे भरता येणार नाहीत. दुसरी सूचना अशी की, एका मार्करच्या आकड्यावर विसंबून न राहता, प्रमाणित ब्राह्मीचा नमुना आपल्याकडे ठेवून त्याच्याशी प्रत्येक बॅचचे एचपीटीएलसी चित्र संपूर्ण ताडून पाहावे. आकडा अपेक्षेहून फार कमी आला तर आपण माल परत करतो. तो अपेक्षेहून फार अधिक आला तरीही तितक्याच तत्परतेने चौकशी करावी.

तिसरी सूचना नावाविषयी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये शास्त्रोक्त औषध हे प्रमाणग्रंथांतील पाठानुसारच बनवावे लागते. म्हणून बाटलीत वाढविलेल्या कोंबांचे चूर्ण किंवा घन ब्राह्मी वटी, सारस्वतारिष्ट वा ब्राह्मी घृत यांत जाता कामा नये. कोणास त्यापासून स्वतंत्र उत्पादन करावयाचे असेल तर त्याने त्याचे प्रमाण व सुरक्षितता स्वतंत्रपणे सिद्ध करावी आणि संवर्धित कोंबांपासून बनविलेले असा स्पष्ट उल्लेख लेबलावर करावा. आधीच महाराष्ट्रात मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणण्याची रूढी असल्यामुळे या एका नावाखाली दोन वनस्पती नांदत आहेत. त्यात तिसऱ्या वस्तूची भर नको.

वैद्यबंधूंना एवढेच सांगावयाचे की, आपण ज्या फार्मसीचे औषध लिहून देता तिला द्रव्याच्या उगमाविषयी विचारीत जा. ग्राहक विचारीत नाही, वैद्यही विचारीत नसेल, तर निर्मात्याला सांगण्याचे कारण उरत नाही. आपल्या संघटनेनेही या विषयावर ठराव करून तो अन्न व औषध प्रशासनाकडे आणि आयुष मंत्रालयाकडे पाठवावा, तसेच संवर्धित कोंब व शेतातील ब्राह्मी यांची तुलना करण्याचा विषय आपल्या महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी पदव्युत्तर अभ्यासासाठी घ्यावा. त्या अभ्यासातून दोहोंचे सामर्थ्य समान असल्याचे निष्पन्न झाले, तर आमच्या मताचा फेरविचार करण्यास आम्ही सिद्ध आहोत.

तोपर्यंत आमचे मत असे : संप्रेरकांनी बहुता मिळते, ती अवश्य घ्यावी आणि मातीत लावावी. संपत् मात्र बाटलीतील एका आकड्यावरून ठरवू नये. द्रव्य हा आपल्या चिकित्सेचा दुसरा पाद आहे. त्याचे माप दुसऱ्याच्या हाती दिले, तर पहिल्या पादाने केलेल्या निदानाचा रुग्णास लाभ व्हावा कसा, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.